मळवलीचा दगड आणि मटाराचं रोप

मागं उभे आहात त्यांनी पुढं या, पहिली रांग नेहमीप्रमाणे रिकामीच आहे.

संयोजकांनी मला सांगितलं होतं, की मुलं व्हिडिओ पत्रकारितेचे प्रोजेक्ट करतायत, शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला पोर्टफोलिओ द्यावा लागतो, त्यावर काहीतरी बोला. मी म्हटलं, बोलते, पण मी इतिहास शिकवणारी बाई. शटर स्पीड किती ठेवायचा हे मला विचारू नका, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी एवढंच सांगू शकते, की हातात फारसं काही नसलेल्या माणसानं आपलं काम दुसऱ्याला दाखवून पुढची वाट कशी काढली. त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. लोणावळ्याहून पुण्याकडची लोकल पकडली की पहिलं स्टेशन येतं मळवली. तिथं उतरलं तरी पुरे.

मळवलीला आपण उतरतो ते लोहगड-विसापूरसाठी, नाहीतर एका अंगाला कार्ल्याची लेणी आणि दुसऱ्या अंगाला भाज्याची, त्यांच्यासाठी. पाठीवर सॅक, हातात वडापाव. पण एके काळी या स्टेशनच्या परिसरात एक छापखाना होता आणि तिथून निघालेली चित्रं हिंदुस्थानभर घराघरांतल्या देव्हाऱ्यात जाऊन बसली होती. राजा रविवर्म्यांचा छापखाना. तो सुरू झाला १८९४ मध्ये, मुंबईत गिरगावात. तेव्हा मोठी तैलचित्रं फक्त संस्थानिकांच्या दिवाणखान्यात असत. त्यांच्या रंगीत प्रती दगडावरून छापून साध्या माणसाला परवडतील अशा किमतीत विकायच्या, अशी ती कल्पना. पुढं मुंबईत प्लेग आला, धंद्यात खोट येत गेली, आणि १८९९ च्या सुमारास छापखाना इथं मळवलीला आला. नव्या शतकाच्या सुरुवातीला रविवर्म्यांनी तो फ्रिट्झ श्लायशर नावाच्या आपल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकला. मात्र नाव तेच राहिलं. जुन्या घरातली लक्ष्मीची किंवा सरस्वतीची तसबीर काढून चित्राच्या खालची कड बघा. कधीकधी तिथं बारीक अक्षरात छापखान्याचं नाव आणि कार्ला-लोणावळा असा पत्ता सापडतो. माझ्या आजोळी अशी एक तसबीर होती. लहानपणी मला वाटायचं, लक्ष्मी लोणावळ्याला राहते.

आता ही छपाई कशी होत असे, ते जरा सावकाश सांगते, कारण पुढची गोष्ट त्यावरच उभी आहे. चुनखडीचा एक खास जातीचा दगड, तो जर्मनीहून यायचा. गुळगुळीत घासलेल्या त्या दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं. मग दगड ओला करायचा. जिथं तेलकट रेघ आहे तिथं पाणी धरत नाही आणि जिथं पाणी आहे तिथं छपाईची शाई धरत नाही. कागद दाबला की चित्र उमटतं. पण हे झालं एका रंगाचं. चित्रात जितके रंग तितके दगड. गुलाबी गालांचा दगड वेगळा, साडीच्या जरीचा वेगळा. एकाच कागदावर हे सगळे दगड एकामागून एक छापायचे, आणि प्रत्येक वेळी कागद नेमका त्याच जागी बसला पाहिजे. गव्हाच्या दाण्याइतका सरकला तरी लक्ष्मीला दोन नाकं दिसणार.

आणि मूळचं भलंमोठं तैलचित्र या दगडावर उतरवायचं कसं? हातानं नक्कल करणारे कारागीर होतेच. पण दुसरा एक मार्ग तोवर आला होता. चित्राचा फोटो काढायचा, त्या फोटोवरून खास कागदावर ठसा घ्यायचा आणि तो ठसा दगडावर उतरवायचा. हे काम ज्याला येतं असा माणूस या धंद्यात सोन्यासारखा. असा एक माणूस लोणावळ्यात येऊन राहिला होता. वय पस्तिशीच्या पुढं, नाव धुंडिराज गोविंद फाळके.

बसला ना धक्का? फाळके म्हटलं की आपल्याला नाशिक आठवतं, दादर आठवतं. लोणावळा आठवत नाही. पण १९०६ मध्ये पुरातत्त्व खात्यातली फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची नोकरी सोडल्यावर या गृहस्थांनी दुसऱ्याच्या भांडवलावर जो छपाईचा आणि ठसे करण्याचा कारखाना काढला, तो लोणावळ्यात. सुरुवातीचं मुख्य गिऱ्हाईक रविवर्म्यांच्या नावाचा छापखाना. मग कारखाना मुंबईला दादरला गेला, भागीदार बदलले, १९०९ मध्ये फाळके यंत्रं आणायला जर्मनीला जाऊन आले. आणि भागीदारांशी पटेना म्हणून सगळं सोडून मोकळे झाले.

इथवरचा त्यांचा कागद, म्हणजे आजच्या भाषेत बायोडेटा, मी माझ्या वर्गात नाव झाकून वाचून दाखवते आणि विचारते, या माणसाला नोकरी द्याल का. ऐका. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला, मग बडोद्याच्या कलाभवनात. तिथल्या प्रा. गज्जरांनी रतलामला पाठवलं, तीनरंगी ठसे करायला शिकण्यासाठी. अहमदाबादच्या प्रदर्शनात नमुनेदार नाट्यगृहाच्या प्रतिकृतीला सुवर्णपदक. गोध्ऱ्याला फोटो स्टुडिओ, तो चालला नाही. प्लेगमध्ये पहिली बायको आणि मूल गेलं. पुन्हा फोटोचा धंदा, पण लोकांत अफवा की कॅमेरा अंगातली शक्ती शोषून घेतो, म्हणून तोही बंद. नाटकांचे पडदे रंगवले. जादूचे प्रयोग केले, तेही स्वतःच्या आडनावाची अक्षरं उलटसुलट करून, ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं. सरकारी नोकरी, सोडली. छापखाना, सोडला. वर्गातली निम्मी मुलं दर वर्षी म्हणतात, मॅडम, हा माणूस कुठं टिकत नाही, घेऊ नका.

व्यवस्थापक म्हणून ती मुलं बरोबरच आहेत. पण पत्रकार म्हणून मी त्यांना सांगते, यादी पुन्हा वाचा. प्रत्येक ओळीत उजेड, काच, रसायन आणि बघणारा माणूस आहे. प्रकाशानं रसायनावर उमटणारी प्रतिमा, एकच चित्र अनेक तुकड्यांत फोडून पुन्हा अचूक जुळवणं, पडद्यामागची रचना, आणि जादूगाराला ठाऊक असतं ते, म्हणजे प्रेक्षकाचं लक्ष या क्षणी कुठं आहे. माझं स्वतःचं मत असं, की मळवलीच्या दगडावर रंग जुळवण्याचं जे शिस्तीचं काम फाळक्यांनी केलं, त्याचा पुढं चित्रपटाच्या फितीला भोकं पाडताना उपयोग झाला असणार. फितीतलं प्रत्येक चित्रही त्याच जागी बसावं लागतं, नाहीतर पडद्यावर सगळं थरथरतं. याला पुरावा काय असं विचाराल, तर हा तर्क आहे, पुरावा नाही. तर्क आणि पुरावा वेगळे ठेवायला मीच तुम्हाला शिकवते, तेव्हा मीही ठेवते.

पुढची गोष्ट तुम्हाला पाठ असेल. १४ एप्रिल १९११ ला गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके मुलाला घेऊन गेले, पडद्यावर जनावरं पाहिली. दुसऱ्या दिवशी घरच्यांना घेऊन पुन्हा गेले तर ईस्टर असल्यामुळं येशूच्या आयुष्याचा चित्रपट लागलेला. तो बघताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, असं त्यांनी स्वतः नंतर ‘नवयुग’ मासिकातल्या लेखांत सांगितलं. मग ध्यास, जागरणं, डोळे गेले, औषधोपचारानं परत आले. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन. तिथं ‘बायोस्कोप’ नावाच्या साप्ताहिकाच्या ऑफिसात, ओळख ना पाळख, थेट संपादक कॅबर्न यांच्यासमोर. त्यांनी आधी परावृत्त केलं, मग सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेलं. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला, कच्ची फिल्म मागवण्याची व्यवस्था केली आणि १ एप्रिल १९१२ ला हा गडी परत मुंबईत हजर.

आता बघा. कॅमेरा आहे, विद्या आहे, घरात माणसं आहेत, पैसे संपलेत. चित्रपट काढायला भांडवल पाहिजे. भांडवलवाला विचारणार, तुम्ही आजवर काय काढलंय? काही नाही. काढायला भांडवल लागतं आणि भांडवलाला आधी काढलेलं लागतं. ओळखीचं वाटतंय ना? ‘अनुभवी उमेदवारांनाच प्राधान्य’ अशी जाहिरात वाचून तुम्ही माझ्याकडं येता आणि म्हणता, मॅडम, अनुभव नोकरीशिवाय मिळणार कुठून? तर हा प्रश्न १९१२ चा आहे.

फाळक्यांनी कुंडीत मटार पेरला. समोर कॅमेरा ठेवला. दाणा फुटतो, कोंब वर येतो, वेल चढते, हे सगळं त्यांनी महिनाभराहून अधिक काळ एकेक चौकट करून टिपलं. तयार झाली मिनिटभराची, किंचित जास्त भरेल अशी फिल्म. नाव ‘अंकुराची वाढ’.

हिशेब करून बघू. त्या काळी सेकंदाला साधारण सोळा चौकटी धरल्या तर मिनिटाच्या झाल्या नऊशे साठ. महिन्याच्या तीस दिवसांवर वाटल्या तर दिवसाला बत्तीस. दिवसाचे बारा तास उजेड धरला तर दर बावीस-तेवीस मिनिटांनी एक. महिनाभर. मध्ये कुंडी हलायची नाही, कॅमेरा हलायचा नाही, घरात पोरंबाळं आहेत त्यांनी धक्का लावायचा नाही. आज मोबाईलमध्ये टाइमलॅप्सचं बटण आहे, ते दाबून आपण चहा प्यायला जातो. प्रत्यक्षात त्यांनी किती अंतरानं चौकटी घेतल्या ते मी सांगत नाहीये, हा फक्त आपला त्रैराशिकाचा हिशेब. पण कामाची जात त्यावरून कळते.

ही फिल्म त्यांनी निवडक लोकांना दाखवली. त्यांत यशवंतराव नाडकर्णी होते, नारायणराव देवहारे होते. त्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली. त्यातून ‘राजा हरिश्चंद्र’. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिम्पियात निमंत्रितांसाठी खेळ, ३ मे ला कॉरोनेशनमध्ये लोकांसाठी. बाकी इतिहास सगळ्यांना माहीत आहे. मला थांबायचंय ते मटारापाशी.

मटारच का? भांडवलवाल्याला देव दाखवता आले असते, नट उभे करून दोन प्रवेश घेता आले असते. पण नटांना पैसे लागतात आणि अर्धवट जमलेला प्रवेश हास्यास्पद दिसतो. मटाराला मेहनताना लागत नाही. शिवाय जे डोळ्याला कधीच दिसत नाही ते या यंत्रातून दिसतं, हे मिनिटभरात सिद्ध होतं. म्हणजे त्यांनी ‘मला हे येतं’ असं दाखवण्यापेक्षा ‘या यंत्रानं हे होतं’ असं दाखवलं. स्वतःला किंचित मागं ठेवलं. विद्यार्थ्यांच्या शोरील बघताना मला हे फार आठवतं. पहिली वीस सेकंदं नावाची अक्षरं फिरत येतात, मागं दणदणीत संगीत, ड्रोनवरून राजमाचीचे डोंगर, मग टायगर पॉइंटचं धुकं, मग परत नाव. अरे, बातमी कुठाय? डोंगर माझ्या घराच्या गच्चीतूनही दिसतात.

एक गोष्ट मात्र या कथेत नेहमी घाईनं उरकली जाते, ती मी उरकणार नाही. सरस्वतीबाई. फाळक्यांची दुसरी पत्नी. दागिने दिले हे सगळे सांगतात, जणू बाईचं काम दागिने देण्यापुरतं. या बाई फितीला भोकं पाडत होत्या, फिल्म धुवायची रसायनं मिसळत होत्या, चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हात उभ्या राहत होत्या. रिफ्लेक्टर म्हणतो ना आपण, ते. शिवाय सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. आजच्या श्रेयनामावलीत बसवायचं तर चार-पाच ठिकाणी त्यांचं नाव यायला हवं. पडद्यावर आलं का? तुम्हीच शोधा.

या श्रेयाच्या गोष्टीवरूनच मला पुन्हा मळवलीला जायचंय. पण त्याआधी पाच मिनिटं बातमीकडं, कारण मटाराचं रोप म्हणजे काही बातमी नव्हे, असं तिथं मागं कोणीतरी पुटपुटलं.

बरोबर आहे. बातमीच्या बाजूनं बघायचं तर फाळक्यांच्या आधी सावे दादा येतात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. मुंबईत फोटोचा स्टुडिओ होता. १८९६ च्या जुलैमध्ये वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचा खेळ झाला, तो पाहून यांनी विलायतेहून कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला एक कुस्ती लावली आणि टिपली. फिल्म धुवायला विलायतेला पाठवावी लागली. म्हणजे टिपलंय ते नीट आलंय की नाही, हे कळायलाच कित्येक आठवडे. आणि मग १९०१ चा डिसेंबर. केंब्रिजमध्ये सीनियर रँग्लर झालेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मुंबईला परतले, त्यांचं स्वागत सावे दादांनी टिपलं. भारतीय माणसानं काढलेली पहिली वार्ताफीत म्हणून तिचं नाव घेतात. एक मराठी मुलगा गणितात इंग्रजांच्या वर जाऊन परत येतोय आणि एक मराठी फोटोग्राफर बंदरावर कॅमेरा लावून उभा आहे. त्याला कोणी पाठवलं नव्हतं. हीच बातमी आहे हे त्याचं त्यानं ठरवलं.

आणि आपल्याकडची बातमी? मावळात ती कमी नाही. पावसाळ्यात तर अंगावर येते. ३० जून २०२४ ला भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. प्रवाहात एकमेकांना धरून उभी असलेली ती माणसं, तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला. मी पूर्ण पाहू शकले नाही. त्यानंतरच्या आठवड्यात माझ्या एका विद्यार्थ्यानं मला विचारलं, मॅडम, माझ्या मोबाईलमध्ये त्या दिवशीचं थोडं फुटेज आहे, गर्दीचं, आरडाओरड्याचं. पोर्टफोलिओत घालू का? चॅनेलवाले लगेच घेतील म्हणतात.

मी लगेच नको म्हणाले नाही. त्याला विचारलं, तुझ्या फुटेजमध्ये काय आहे जे इतरांच्या नाही? तो गप्प बसला. मग आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. भुशी धरण कोणाचं? रेल्वेचं, इंजिनांच्या पाण्यासाठी बांधलेलं. मागचा डोंगर कोणाचा, त्यावर चढायला कोणाची परवानगी लागते? वरच्या अंगाला पाऊस पडला तर खालचा ओढा किती वेळात फुगतो? धोक्याचा फलक आहे का, कुठल्या भाषेत, उभ्या माणसाला वाचता येतो का? मक्याची कणसं विकणाऱ्या मावशी पाणी वाढलं हे कशावरून ओळखतात? तो मुलगा पुढं दीड महिना दर शनिवारी तिथं गेला. चार मिनिटांचा व्हिडिओ झाला, त्यात कोणीही वाहून जाताना दिसत नाही. सगळ्यात चांगला भाग त्या मावशींचा आहे. पाण्याचा रंग चहासारखा झाला की त्या टोपली उचलतात. हे एवढं वाक्य मिळवायला त्याला पाच शनिवार लागले. तो व्हिडिओ कुठल्याच वाहिनीनं घेतला नाही, हेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी गोड शेवटाची गोष्ट सांगतेय. पण मुलाखतीला गेला तेव्हा तोच दाखवला.

उलट बाजूही आहे. कधीकधी थेट टिपलेलं दृश्यच सगळ्यात मोलाचं असतं. ९ ऑगस्ट २०११, बऊर, एक्स्प्रेस वे. पवनेचं पाणी बंद नळानं पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करणारे मावळातले शेतकरी रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, तिघं गेले. त्यात एक बाई होती. त्या दिवशी रस्त्यावर कॅमेरे होते म्हणून महाराष्ट्रानं ते पाहिलं, आणि काय घडलं यावर नुसत्या निवेदनांच्या भरवशावर राहायची वेळ आली नाही. तेव्हा ‘दुःखाचं चित्रण करू नये’ असा सरसकट नियम माझ्याकडून घेऊन जाऊ नका. बऊरला कॅमेरा हा साक्षीदार होता. भुशीला त्या क्षणी तो फक्त बघ्या होता. फरक प्रत्येक वेळी नव्यानं ठरवावा लागतो आणि कधीकधी चुकतोही. मी चुकले आहे.

आता श्रेय. काही वर्षांपूर्वी माझ्या एका विद्यार्थिनीनं कामशेतच्या बाजूच्या एका वाडीत पाण्याचे हंडे वाहणाऱ्या बायकांवर तीन मिनिटांची फिल्म केली. एका वाहिनीनं त्यातली चाळीस सेकंदं उचलली, कोपऱ्यावर स्वतःचा लोगो लावला आणि चालवली. फोन केला तर उत्तर आलं, अहो, इंटरनेटवर होतं. ती रडली. मीही चिडले, पत्र लिहिलं, काही झालं नाही. पण मग तिची मूळ फिल्म आम्ही पुन्हा लावून पाहिली आणि माझ्याच लक्षात एक गोष्ट आली. शेवटी तिचं नाव होतं, एडिटरचं होतं, माझंही होतं. हंडे वाहणाऱ्या ज्या बाईनं तिला तीन दिवस घरात ठेवून घेतलं, जेवायला घातलं, तिचं नाव कुठंच नव्हतं. ‘एक ग्रामस्थ’ एवढंच. मुलगी माझ्याकडं बघायला लागली, मी खाली.

म्हणून कार्ल्याला जायचं. चैत्यगृह बघायला दोन हजार वर्षांचं जुनं लाकूडकाम, ते खांब, ते घोटीव हत्ती हे सगळं बघाच. पण भिंतीवरची ब्राह्मी अक्षरंही बघा. कोणी खांब दिला, कोणी दर्शनी भाग दिला, त्याची नोंद आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचं नाव आहे, तो तर मोठा धनी. पण दरवाजाशी एका सुताराचं नाव आहे. धेनुकाकटचा सामी, वेणुवासाचा मुलगा, हे दार त्यानं केलं. धनिकांच्या यादीत एक कारागीर आपल्या बापाच्या नावासह, गावासह उभा आहे. मला ठाऊक असलेली आपल्या तालुक्यातली ही सगळ्यात जुनी श्रेयनामावली. आणि त्याच डोंगराच्या पायथ्याला दोन हजार वर्षांनी जो छापखाना चालला, तिथून निघालेल्या चित्रांवर छापखान्याचं नाव आहे, पण दगड घासणाऱ्याचं, रंग जुळवणाऱ्याचं, फोटोवरून ठसा उतरवणाऱ्याचं नाही. फाळक्यांच्या हातातून गेलेल्या त्या चित्रांतलं एकही आज आपण बोट ठेवून ‘हे फाळक्यांचं’ असं म्हणू शकत नाही. कदाचित त्यांना कुंडीत मटार पेरावा लागला तो यासाठीही.

शेजारच्या मुळशी खोऱ्यात हेच काम नीट कसं करतात याचा नमुना आहे. हेमा राइरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी सहकाऱ्यांबरोबर जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून जास्त. ओवी कोणाची, गाव कोणतं, ही नोंद तिथं ओवीइतकीच जपली. आज त्यातल्या अनेक बायकांचे व्हिडिओ ‘पारी’वर आहेत, नावानिशी. प्रोजेक्टला विषय सुचत नसेल तर आधी ते बघा.

वेळ होत आली, पण एक राहिलं. ‘अंकुराची वाढ’ आज बघायला मिळत नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं, त्यातलं पहिलं आणि शेवटचं तेवढं पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहे, आणि तेही १९१३ चं की फाळक्यांनी नंतर पुन्हा केलेल्या आवृत्तीचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. जे काही उरलं ते संग्रहालयाचे पी. के. नायर दारोदार फिरले, फाळके कुटुंबापर्यंत पोहोचले म्हणून. मळवलीचा छापखाना १९७२ मध्ये आगीत गेला. २००३ च्या जानेवारीत पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात जुन्या नायट्रेट फिल्म जळाल्या. तुमच्या फायली जळत नाहीत, त्या उडतात. दर वर्षी सादरीकरणाच्या आदल्या रात्री मला एक तरी फोन येतो, मॅडम, हार्डडिस्क उघडत नाहीये. दोन प्रती ठेवा, दोन वेगळ्या घरांत. आणि कच्चं फुटेज टाकून देऊ नका. वीस वर्षांनी तुमच्या चार मिनिटांच्या फिल्मपेक्षा तिच्यासाठी टिपलेला कामशेतचा बाजार, दुकानांच्या पाट्या, एसटी स्टँडवरची गर्दी हेच कोणीतरी शोधत येईल.

प्रश्न आहेत? हो, बोल.

... मोबाईलवर काढलेलं पोर्टफोलिओत चालतं का. चालतं. आवाज मात्र नीट घे. मावळातल्या वाऱ्यात मोबाईलचा माईक काही कामाचा नाही, बोलणाऱ्याच्या कॉलरला दोनशे-तीनशे रुपयांचा माईक लाव, तोही चालतो.

... किती मिनिटांचा हवा? फाळक्यांचा मिनिटभराचा होता. पण तुमच्याकडं एकच मटार असेल तर एकच दाखवा. चार असतील तर सगळ्यात चांगला पहिला. बघणारा दुसरा बघेलच याची खात्री नाही.

... टाटांच्या धरणांवर प्रोजेक्ट? जरूर. वळवण, शिरवता, त्यांचं पाणी खाली खोपोलीला १९१५ पासून वीज करतंय, मुंबईत ‘हरिश्चंद्र’ चालल्यानंतर दोनच वर्षांनी. पाण्याखाली गेलेल्या गावांतल्या लोकांची नातवंडं अजून आसपास आहेत. त्यांच्याकडं कागद आहेत, ट्रंकेत ठेवलेले. कॅमेरा पहिल्या दिवशी नेऊ नका, आधी चहा प्या.

बास. रविवारी ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी मळवली स्टेशनवर भेटा. आधी कार्ला चढू, दाराशी तो सुतार शोधू. ब्राह्मी अक्षरांची तक्ता मी झेरॉक्स करून आणते. दुपारी खाली उतरून जुन्या लोकांना छापखान्याची जागा विचारू. पाण्याची बाटली, टोपी, आणि चार्ज केलेली बॅटरी. लेण्यात ट्रायपॉड लावायला परवानगी लागते, तेव्हा तो घरीच ठेवा, हातानं स्थिर धरायची सवय करा.